शिकवलेलं परत घेणाऱ्या मॅडम

एकदा शिकवलेलं परत घेणारी शिक्षिका मी आयुष्यात एकच पाहिली. पिंपळगाव बसवंतच्या आमच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर इंग्रजीच्या मॅडम जुने विद्यार्थी गाठत गावभर फिरायच्या. कांद्याच्या लिलावाला निघालेला पोट सुटलेला व्यापारी असो की मेडिकलवाला, त्याला बाजूला घ्यायच्या. "तुला मी व्हेजिटेबल शिकवलं होतं ना? चुकलं रे माझं. भाजीत टेबल नसतं. व्हेज्-टबल. जोर पहिल्यावर. म्हण."

"आता कशाला वो मॅडम? मी कांद्याला कांदाच म्हनतो," व्यापारी कसनुसा हसायचा.

"तुझी पोरगी इंग्रजी शिकते ना? मग म्हण." तो इकडंतिकडं बघून पुटपुटायचा. तेवढ्यावर सुटका नसे. "परत म्हण," हे त्यांचं ठरलेलं. गावानं त्यांचं नावच 'परतम्हण मॅडम' पाडलं होतं.

शाळेत असताना मात्र त्या वेगळ्याच होत्या. प्रत्येक इंग्रजी ओळीखाली पेन्सिलीनं मराठी अक्षरांत उच्चार लिहायचा, ही आमच्याकडची रीत. मॅडम फळ्यावर लिहायच्या, आम्ही उतरवायचो, आणि वाचताना वरच्या इंग्रजी ओळीकडे कुणी ढुंकूनही बघत नसे. पुढच्या वर्षी ते पुस्तक धाकट्या भावंडाकडे जाई, चुकांसकट. मॅडमच्या हातात छडी असायची. त्यांना काही विचारायची कुणाची टाप नव्हती. मी तर पहिल्या बाकावर बसून मान डोलवणाऱ्यांतली.

बदल झाला तो संतोषमुळे. हा त्यांचा हुशार विद्यार्थी परदेशी जाणाऱ्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये सुपरवायझर आहे. मॅडमच्या घरी द्राक्षांची पेटी द्यायला आला, तेव्हा गप्पांत सहज बोलून गेला, "परदेशातला फोन आला का मी दुसऱ्याकडं देतो. माझं बोलनं त्यांना नाय कळत. तीन-तीनदा विचारत्यात. सगळे हसत्यात मग." हे त्यानं हसतच सांगितलं, पण मॅडम त्या दिवशी जेवल्या नाहीत. "सगळ्या वर्गात त्याला व्याकरण जास्त येत होतं," त्या मला नंतर म्हणाल्या. "मी त्याला मुकं केलं." त्यानंतर त्यांनी मुलीकडून मोबाईलवर उच्चार ऐकवणारा शब्दकोश घेतला, आणि साठीच्या वयात पहिलीपासून शब्द ऐकायला बसल्या.

मला एकलहऱ्याजवळच्या शाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी लागली, तेव्हा मी पेढे घेऊन गेले. पेढा त्यांच्या हातातच राहिला. "अगं, म्हणजे माझ्या चुका आता तू तिकडे वाटणार," त्या म्हणाल्या. "उद्यापासून ये. जूनपर्यंत रोज."

मला राग आला. मेरिटवर लागलेली बाई मी. पण त्यांना नाही म्हणायची सवयच नव्हती, म्हणून गेले. त्यांनी कांद्याचा वाळका पापुद्रा माझ्या ओठांसमोर धरला. "पेन म्हण. हा हलला पाहिजे. नाही हलला तर परक्या माणसाला बेन ऐकू येतं." एवढी पदवीधर मी, कांद्याच्या सालीवर फुंकर घालत बसले होते. चार दिवसांनी ती हलली, तेव्हा मॅडमनी स्वयंपाकघरात ओरडून मुलीला बोलावलं आणि मला परत म्हणायला लावलं.

"मॅडम, आपल्याला काय साहेब व्हायचंय?" मी एकदा वैतागून विचारलं.

"मुळीच नाही. मराठी माणसासारखंच बोल, त्यात लाज कसली? पण साहेबाला, केरळवाल्याला, कुणालाही एका दमात कळलं पाहिजे. आणि पोरं पुस्तकातून नंतर शिकतात गं, आधी तुझ्या तोंडातून शिकतात." मग जरा थांबून म्हणाल्या, "चुकशील तर तू पण. फक्त माझ्यासारखी छडीच्या धाकानं चूक झाकून ठेवू नकोस."

जूनमध्ये मी शाळेत रुजू झाले आणि दिवाळीनंतर मॅडम मुलीबरोबर पुण्याला राहायला गेल्या. निघताना गाडीत बसता बसता ड्रायव्हरचाही एक शब्द त्यांनी दुरुस्त केला. गाडी गेली आणि मला एकदम पोरकं वाटलं.

परवा सातवीच्या वर्गात मी धडा वाचत होते. मागच्या बाकावरची आरती उठून उभी राहिली. एरवी तोंडातून अक्षर न काढणारी मुलगी. बोटांनी ओढणी पिळत म्हणाली, "मॅडम, ते डिटरमाइन नाही. डिटर्मिन आहे. मी मोबाईलवर ऐकलंय." माझे कान तापले, खोटं कशाला सांगू. मी शब्दकोश लावून सगळ्यांना ऐकवला. तिचंच बरोबर होतं. मग तिला पुढं बोलावलं, आणि तिच्यामागून तो शब्द मी तीनदा म्हटला. पोरं आधी हसली, मग माझ्याबरोबर म्हणायला लागली.

मधल्या सुट्टीत पुण्याला फोन लावून मॅडमना हे सगळं सांगितलं.

"इतकी वर्षं शिकवलं," त्या म्हणाल्या, "पण माझ्या वर्गात एकही पोर असं उभं राहिलं नाही गं." मग विचारलं, "नाव काय म्हणालीस तिचं?"

"आरती."

"तिला माझा नमस्कार सांग. आशीर्वाद नको सांगूस, नमस्कारच सांग."