गेंडा वेगळा काढला

मी पदवीधर झालो तो माझ्या मामामुळे. आमच्या घरात त्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. मामा स्वतः चौथीपर्यंत शिकलेला. आखातात एका श्रीमंताच्या खाजगी प्राणिबागेत तो जनावरं राखायचा आणि तिथून माझी फी पाठवायचा.

त्या बागेत एकच भलंमोठं कुंपण होतं. गेंडा, झेब्रे, शहामृगं, जिराफ, हरणं, सगळी त्यात एकत्र सोडलेली. मामा पत्रं लिहीत नसे, कॅसेट भरून पाठवी. हातखंब्याजवळच्या आमच्या वाडीत ती आली की संध्याकाळी पडवीत माणसं जमत. पहिली बाजू सगळ्यांसाठी, दुसरी फक्त माझ्या आईसाठी, असा त्याचा शिरस्ता.

मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना बातम्या बदलू लागल्या. गेंड्याने झेब्र्याला शिंग लावलं, म्हणून गेंडा वेगळा काढला. मग शहामृगाचा नर विणीच्या दिवसांत हरणांवर धावून जायला लागला, शहामृगंही काढली. पुढे झेब्र्याने हरणाचं पाडस चावून मारलं.

"जावाजावांचं एका चुलीवर पटत नाही," शेजारचे आजोबा म्हणाले, "तिथे गेंड्याचं काय पटणार!"

सगळे हसले. मला हसू येईना. मामा त्या एका कुंपणासाठी ठेवलेला माणूस. कुंपण रिकामं झालं तर त्याचं काय? आखातातून रजेवर आलेला कुणी दिसला की मी त्याला गाठून विचारी. कुणालाच ठाऊक नसे. घरी आलो की अंगणात येरझारा. "बस रे एका जागी," आई म्हणे, "वात आणलास."

माझा निकाल लागला त्याच आठवड्यात पुढची कॅसेट आली. पेढ्यांसाठी वाडी जमलेली. त्या गडबडीत आईने कॅसेट उलटी घातली. मामाचा आवाज आला, नेहमीपेक्षा खालचा.

"आक्का, हे तुझ्यापाशीच ठेव. माझ्या बायकोला तर मुळीच सांगू नको. मोठ्या कुंपणात आता नुसते जिराफ उरलेत. बाकीच्यांना वेगवेगळे वाडे केले. प्रत्येक वाड्याची रोजची नोंद इंग्रजीत लिहायची म्हणतात. ज्याला येत नाही त्याला गणपतीपर्यंत परत पाठवणार. मी साहेबाला म्हटलं, माझा भाचा शिकलेला आहे, माझ्या जागी त्याला बोलवा. तो हो म्हणालाय."

आईचा हात बटणापर्यंत पोहोचला तोवर सगळं बोलून झालं होतं. मामी समोरच बसली होती.

"ऐकलंत ना वन्सं?" ती आईला म्हणाली. "मला मुळीच सांगायचं नाही! लग्न काय जिराफाशी लावलंन?"

"पोराचं नशीब उघडलं," आजोबा मध्येच बोलले. "मामाची गादी भाच्याला."

"आणि मामा येऊन काय करणार?" मामी उसळली. "सड्यावरच्या कातळात शहामृगं राखणार?"

पेढे तसेच राहिले.

त्यानंतर मला जेवण गोड लागेना. गेलो असतो तर घर सुखाने चाललं असतं, पण चाळिशीतला मामा माझ्या तोंडाकडे बघत बसला असता. नसतो गेलो तर दोघांचीही जागा गेली असती. मामी विहिरीवर भेटली. कळशी खाली ठेवून तिने सरळ विचारलं, "खरं सांग, त्यांना परत यायचंय?"

"नाही मामी. जनावरांबद्दल बोलताना त्याचा आवाज ऐकतेस ना?"

"ऐकते. माझ्याशी बोलताना तसा कधी लागत नाही मेला," ती म्हणाली आणि पदराने तोंड पुसू लागली. "मग राहू दे त्यांना तिथे. तू शिकलायस ना? काढ काहीतरी वाट."

त्याच दुपारी मी लिहायला बसलो.

"तीर्थस्वरूप मामास साष्टांग नमस्कार.

तुझी दुसरी बाजू वाडीभर ऐकली गेली. आईला बोलू नकोस, चुकून झालं. मामी रागावली आहे, पुढच्या कॅसेटची एक बाजू तिच्यासाठी भर.

मी येणार नाही. तुझी जागा घेण्यासाठी तू मला शिकवलं नाहीस. तुला बाराखडी येते, एबीसीडीही येईल. रोजच्या नोंदीला शब्द थोडेच लागतात. ते सोबतच्या कागदावर मोठ्या अक्षरांत काढले आहेत, खाली मराठीत उच्चार. 'जिराफ एट वेल' म्हणजे जिराफाने नीट खाल्लं. 'झेब्रा लिंपिंग' म्हणजे झेब्रा लंगडतोय. रोज गिरव आणि गिरवलेले कागद मला धाड. चुका लाल शाईने काढीन, राग मानू नकोस. साहेबाला सांग, भाचा येत नाही, मीच लिहीन. गणपतीला अजून अवकाश आहे.

तुझा भाचा."