प्लॉटवाल्यांचे फोन

तुळजापुरात आमचा छोटा लॉज आहे. सोलापूरकडचे, कर्नाटकातले भाविक निघण्याआधी फोन करून खोली विचारतात. त्यामुळं अनोळखी नंबर उचलावाच लागतो. गेल्या वर्षीपासून त्याच फोनवर प्लॉट विकणारे सुरू झाले. मी "नको" म्हणून ठेवायची, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या नंबरवरून तेच.

लेक म्हणाली, "आई, याला कायदा आहे." तिनं माझा नंबर डीएनडीत, म्हणजे जाहिरातीचे फोन नको असलेल्यांच्या यादीत टाकला, एका नंबराची तक्रारही केली. काही दिवसांनी मेसेज आला, कारवाई झाली म्हणून. तो नंबर खरंच बंद पडला. फोन मात्र नव्या नंबरांवरून येतच राहिले.

परवाच्या नवरात्रात सकाळपासून असे फोन सुरू होते. त्यातच एकजण "नमस्कार मॅडम" म्हणाला आणि मी भडकले. "नको म्हटलं ना तुमचा प्लॉट! परत फोन केलात तर पोलिसात देईन." पुन्हा वाजला, मी उचलला नाही.

दुपारी एक गृहस्थ बायकोला, म्हाताऱ्या वडिलांना घेऊन दारात आले. "ताई, आमी काय प्लॉट विकतोय व्हय? खोली पायजे होती. हे आमचं वडील सकाळधरनं स्टँडवर बसून हायेत." म्हाताऱ्याचे गुडघे सुजले होते. मला मान वर करवेना. तोवर लॉज भरला होता. त्या दिवशी त्यांना मी आमची राहती खोली दिली.

संध्याकाळी आमच्या ह्यांना घेऊन मी पोलीस ठाण्यात गेले. हवालदारानं सगळं ऐकून घेतलं.

"फसवणूक झाली का काय?"

"न्हाय."

"शिवीगाळ, धमकी?"

"धमकी मीच दिली."

तो हसला नाही. त्यानं माझ्या फोनमधल्या नंबरांवर लावून पाहिलं, एकही लागला नाही. "ताई, हे कुठनं बोलतेत, ते काढायचं म्हणजे लई लांबचं काम. काढलं तरी सिमकार्ड भलत्याच्याच नावावर निघतं. अर्ज द्या, घेतो मी. पण लगेच काय व्हईल असं धरू नका."

अर्ज दिला. अजून काही झालेलं नाही.

आता सकाळचे फोन हेच घेतात. ह्यांना कुणाला तोडून बोलता येत नाही. गिऱ्हाईक असो की प्लॉटवाला, पूर्ण ऐकून घेतात आणि "जेवण झालं का?" विचारतात. मी तोवर चादरी वाळत घालते.