मामाजींची जीप आणि त्यांचा डावा गुडघा

जगातल्या सगळ्या हट्टी माणसांची कधी सभा भरली, तर अध्यक्ष म्हणून आमच्या मामाजींनाच बोलवावं लागेल, आणि ते व्यासपीठावर चढल्याबरोबर खुर्ची उलटी करून विचारतील, ‘खरंच सागवानाची आहे का नुसती तशी दिसते?’ मामाजी म्हणजे माझ्या बायकोचे मामा. राहणार पांढुर्णा. बिजली विभागातून रिटायर झालेले, थोडी संत्र्याची बाग, अंगानं काटकुळे, मिशा पांढऱ्याशुभ्र आणि जिभेवर कायम एकच शब्द, ओरिजनल. समोरचे दोन दात पडून वर्षं लोटली, पण त्या जागी त्यांनी काही बसवू दिलं नाही. म्हणतात, ‘कंपनीनं जे लावून धाडलं तेच ठेवायचं. गेलं तं गेलं.’ मग चष्मा कसा चालतो, असं मी एकदा विचारलं. त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. ‘चष्मा बाहेरून लागते जवाईबापू. ते ॲक्सेसरी झाली.’

आमच्या भागात जवायाचा मान फार. पाय धुवायला गरम पाणी, बसायला गादी, ताटात सांडग्यापासून पुरणपोळीपर्यंत सगळं, आणि जवायानं फक्त ‘पुरे, पुरे’ म्हणायचं. लग्नानंतर पहिल्यांदा मी सौसरहून त्यांच्याकडे गेलो, तो कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, असाच मान घ्यायला. मामीजींनी दारात रांगोळी काढली होती. मामाजी मागच्या अंगणातून आले, माझ्या हातातला मिठाईचा डबा बाजूला ठेवला आणि म्हणाले, ‘बरे आले. चला, एक मिनिट धरू लागा.’ ते एक मिनिट अजून चालू आहे. त्या दिवशी मी जीपखाली उताणा पडून एक लोखंडी नळी छातीशी धरून होतो, आणि वरून मामाजी पाना फिरवता फिरवता माझ्या घरच्यांची ख्यालीखुशाली विचारत होते. उठलो तेव्हा शर्टावर पांढरं शोधावं लागत होतं. मामीजींनी निमूटपणे आहेरातला शर्ट काढून दिला. इतर जवायांना आहेर निघताना मिळतो, मला तो जेवणाआधीच अंगात घालावा लागला.

ही जीप त्यांना मोहगावला सापडली. कोणाची तरी बाग बघायला गेले होते, तर चिंचेखाली ही उभी. चाकं मातीत रुतलेली, टपाचा पत्ता नाही, बोनेटच्या आत एक कोंबडी अंड्यांवर बसलेली. दुसरा कोणी असता तर भंगार म्हणून पुढे गेला असता. मामाजींनी बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा तिच्यावरून हात फिरवला आणि मालकाला विचारलं, ‘यातलं कोणी काही बदलवलं तं नाई न?’ मालक म्हणाला, ‘बदलवाले कोण येते जी इथं, कोंबडीशिवाय?’ सौदा जमला, पण मालकाच्या आईनं अट घातली की पिल्लं निघाल्याशिवाय जीप हलायची नाही. झालं, मामाजी दर दोन-तीन दिवसांनी मोहगावला जाऊन अंडी फुटली का ते बघून येऊ लागले. एवढ्या काळजीनं ते स्वतःच्या मुलींच्या बाळंतपणातही दवाखान्यात आले नव्हते, असं मामीजी सांगतात. शेवटी पिल्लं निघाली, जीप ट्रॅक्टरला बांधून पांढुर्ण्याला आली, आणि त्याच दिवशी मामाजींनी अंगणात उभं राहून मामीजींना शब्द दिला, ‘कारखान्यातून निघाली तशीच्या तशी करीन इले. एकही डुप्लिकेट पार्ट लागणार नाई. मी चालवीन, तू बाजूले बसशीन, अन् पह्यली फेरी जामसांवलीच्या हनुमानाची.’ तोवर दुसऱ्या कोणत्याही गाडीत बसून जामसांवलीला जायचं नाही, हे मग मामीजींनी आपण होऊन ठरवून टाकलं. जामसांवलीचे हनुमानजी आडवे निजलेले आहेत. मामाजी त्याचाच दाखला देत, ‘त्याईले काही घाई नाई.’ घाई मामीजींना होती, पण त्यांना कोणी विचारलं नाही.

त्यानंतर कितीतरी वर्षं गेली. पांढुर्णा तहसिलीचा जिल्हा झाला, पण जीप काही झाली नाही. नागपूरच्या एका दुकानदारानं मामाजींना जीपसाठी नवाकोरा पंप दाखवला आणि म्हणाला, ‘काका, सेम टू सेम आहे.’ मामाजींनी शांतपणे विचारलं, ‘मांडवात नवरदेवाच्या जागी त्याचा जुळा भाऊ उभा केला तं चालन का तुमच्या पोरीले?’ दुकानदारानं पंप परत कपाटात ठेवला. लग्न असो, वास्तू असो, मामाजी अक्षता टाकत इकडे आणि नजर असे त्या घराच्या गोठ्यात, माळ्यावर, विहिरीपाशी, जीपचे जुने पार्ट शोधत. बोरगावला आम्ही एका तेरवीला गेलो होतो. सगळे फुलं वाहून बाजूला होत होते, मामाजी मात्र देव्हाऱ्यासमोर हात जोडून उभे ते उभेच. घरधनी मला म्हणाला, ‘तुमचे मामाजी भल्ले भाविक आहेत जी.’ बाहेर आल्यावर हे भाविक माझ्या कानाशी लागले, ‘पाह्यलं का? गणपतीच्या फोटोले जे गोल फ्रेम आहे न, ते आपल्या डाव्या हेडलाइटची रिंग आहे.’ आता तेरवीच्या घरी देवाची चौकट मागायची कोणत्या तोंडानं? महिनाभर त्यांना अन्न गोड लागलं नाही. शेवटी त्याच मापाची पितळेची चौकट घडवून घेतली, बोरगावच्या गणपतीला वाहिली, आणि रिंग प्रसाद म्हणून मागून आणली.

अंगणात जीपचा नुसता सांगाडा असे, बाकीची जीप घरात राही. कार्बोरेटर कपाटात मामीजींच्या लुगड्यांच्या घडीत, गिअर दिवाणाखाली, आणि चकलीच्या डब्यात नटबोल्ट. एका दिवाळीला मी तो डबा उघडला, तर मामीजी घाईनं म्हणाल्या, ‘त्यातलं नका घेऊ जवाईबापू, ते ओरिजनल आहे.’ मामीजींचा आवाज कधी चढला नाही. फक्त एकदा मामाजींनी पुरणाच्या परातीत रॉकेल ओतून बेअरिंग धुतलं, तेव्हा त्यांनी ती परात बेअरिंगसकट जेवणाच्या वेळी मामाजींच्या पुढ्यात मांडली, बाजूला लिंबाची फोड ठेवली आणि वाढायला उभ्या राहिल्या. मामाजी म्हणाले, ‘चुकलं.’ हा शब्द मी त्यांच्या तोंडून तेवढाच ऐकला.

या सगळ्या उठाबशांत मामाजींचा डावा गुडघा गेला. आधी कुरकुरला, मग सुजला, मग मांडी घालणं सुटलं. नागपूरच्या डॉक्टरनं फोटो पाहून सांगितलं की वाटी पार झिजली आहे, गुडघा बदलावा लागेल. मामाजी खुर्चीतून उठलेच. ‘डुप्लिकेट गुडघा? मले?’ आणि लंगडतच दवाखान्याबाहेर पडले.

शेवटी एका पावसाळ्यानंतर जीप पुरी झाली. रंग, दिवे, हॉर्नचं बटण, सगळं जिथल्या तिथं आणि सगळं अस्सल. मामीजी नवं लुगडं नेसून, मांडीवर नारळ घेऊन बाजूच्या सीटवर बसल्या. शेजारपाजार जमला. मामाजींनी स्टार्टर मारला, इंजिन दोनदा खोकलं आणि धडधडायला लागलं. मग त्यांनी डावा पाय क्लचवर ठेवून दाबला. क्लच हलला नाही. पुन्हा दाबला. कपाळावर घाम आला, ओठ आवळले गेले. त्या जुन्या जीपचा क्लच म्हणजे तरण्या माणसाच्या पोटरीचं काम. त्यांनी दोन्ही हातांनी गुडघा खाली रेटून पाहिला, तेव्हा क्लच गेला, पण स्टिअरिंगला हात उरला नाही. उजवा पाय आणला, तर ब्रेकला पाय उरला नाही. मी म्हणालो, ‘मामाजी, मी चालवू का?’ त्यांनी इंजिन बंद केलं. मामीजी नारळ घेऊन हळूच उतरल्या आणि भाजी करपून राहिली म्हणत आत गेल्या. त्या दिवशी चुलीवर काहीच नव्हतं.

गॅरेजचा मिस्त्री आला. म्हणाला, ‘काकाजी, नव्या गाडीचा क्लच बसवून देतो, बोटानं दबन.’ मामाजींनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. म्हणजे आता मामला असा, की एक तर ओरिजनल जीपला डुप्लिकेट क्लच, नाहीतर ओरिजनल मामाजींना डुप्लिकेट गुडघा. तिसरा रस्ता नाही, आणि मामाजी दोन्हीला राजी नाहीत. रोज सकाळी ते जीपमध्ये जाऊन बसायचे, इंजिन सुरू करायचे, थोडा वेळ ऐकायचे आणि बंद करून लंगडत घरात यायचे. मला ते बघवेना. खरं सांगायचं तर रागही आला. इतकी वर्षं मी त्या जीपखाली पाठ घासली, ती काय अंगणात धूर पाहायला?

एका रविवारी मी गेलो, तेव्हा मामीजी ओसरीवर संत्री सोलत बसल्या होत्या. मामाजी जीपमधून उतरून भिंत धरत आले आणि बाजूला टेकले. मामीजी मान वर न करता म्हणाल्या, ‘जीपसाठी मोहगाव पाह्यलं, बोरगाव पाह्यलं, नागपूर पालथं घातलं. जो पार्ट नाई त्याच्या मांगं लागले, तं घेऊनच आले. मंग सोताचा पार्ट गेला तं घरात काहून बसून राहिले?’

‘तो ओरिजनल भेटत नाई,’ मामाजी म्हणाले.

‘नाई भेटत, तं जो भेटते तो लावा. मले जीप नाई पाह्यजे, मले तुम्ही चालते पाह्यजे. किती वर्षं झाले, मी जामसांवली पाह्यली नाई.’

मामाजींनी त्यांच्या हातातलं सोललेलं संत्रं घेतलं आणि न खाता तसंच धरून बसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘जवाईबापू, त्या डॉक्टरकडे नंबर लावा.’

त्या डॉक्टरची मात्र मला दया आली. मामाजींनी त्याला गॅरंटी विचारली, सामान कंपनीचं आहे ना ते विचारलं, डबा माझ्यासमोर फोडा म्हणाले. हे सगळं त्यानं हसून ऐकून घेतलं. पण आमच्याकडे गॅरेजचा शिरस्ता असा, की काम झालं की जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. त्याशिवाय पार्ट खरंच बदलला यावर कोणाचा विश्वास बसत नाही. ऑपरेशन झाल्यावर डॉक्टर बघायला आला, तेव्हा मामाजींनी पलंगावरूनच हात पुढे केला. ‘जुना गुडघा द्या.’ डॉक्टर म्हणाला, तसा देता येत नाही. मामाजी भिंतीकडे तोंड करून पडले. ‘मिस्त्री हातानं चांगला आहे,’ मला म्हणाले, ‘पण जुना माल वापस करत नाई.’

मग व्यायाम आले, काठी आली, काठी गेली. उन्हाळ्याच्या तोंडावर, मृग बहराचा संत्रा तोडून झाल्यावर, एका सकाळी मामाजी जीपवर चढले. मामीजी नारळ घेऊन बाजूला, मी मागे. मामाजींनी क्लच दाबला आणि तो मुकाट्यानं खाली गेला. पांढुर्ण्याहून जामसांवलीपर्यंत आम्हाला ट्रकांनी मागं टाकलं, ट्रॅक्टरांनी टाकलं, वऱ्हाडाच्या एका टेम्पोनं तर गाणी म्हणत टाकलं. मामाजींना त्याचं काही नव्हतं. देवळात मामीजी इतका वेळ हात जोडून उभ्या राहिल्या की मागची रांग कुरकुरायला लागली.

परत येताना सौसर सोडल्यावर एका बागेशी मामाजींनी जीप थांबवली. इंजिन तापलं म्हणाले. मामीजींनी डबा सोडला. मामाजी उतरले नाहीत, डाव्या गुडघ्यावर हात ठेवून बसून राहिले. मला वाटलं दुखतोय.

‘नाई, दुखत नाई,’ ते म्हणाले. ‘काम बरोबर करते. पण खरं सांगू का, माहा नाई वाटत. झोपेत कूस बदलवली का वाटते, कोण्या पाहुण्याचा पाय आहे.’ इतकं हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

मामीजी पुरीवर भाजी ठेवत होत्या. ‘तुमच्या घरी आली तवा मलेही असंच वाटे,’ त्या म्हणाल्या. ‘आरशात पाह्यलं का वाटे, हे कोणाची सून आहे. तुमच्या मायले तं माह्या हातची भाजी वर्षभर परकी लागे. होते आपलं, हळूहळू.’ आणि पुरी त्यांच्या हातात दिली.

मामाजींनी ती पुरी खाल्ली. मग विचारलं, ‘किती दिवस लागले होते तुले?’

‘मोजले नाई,’ मामीजी म्हणाल्या. ‘एक दिवस पाह्यलं, तं झालं होतं.’

मामाजींनी रुमालाला हात पुसले, जरा जपून क्लच दाबला, आणि आम्ही पांढुर्ण्याला निघालो.