कठडा नसलेली जागा

चारुदत्त पुण्याहून सिंगापूरला आला, त्याला २०१५ साली अकरा वर्षं झाली होती, आणि एवढ्या काळात त्याच्या हातून एकही नियम मोडला गेला नव्हता. तो राहायचा त्या सेंगकांग भागातल्या रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी हिरवा दिवा लागेपर्यंत हा गृहस्थ उभा. एमआरटी मेट्रोत खाण्यापिण्याला बंदी, म्हणून घसा कोरडा पडला तरी तिथे पाण्याचा घोट घेणार नाही. त्याची बायको स्मिता म्हणायची, "पाटी दिसली की तुला देव भेटल्यासारखं होतं." होतंच तसं. कारण मात्र तिलाही ठाऊक नव्हतं. चारुदत्त भित्रा होता, आणि त्याला त्याची लाज वाटायची. उंचीला तर तो इतका भ्यायचा, की एजंटने सोळाव्या मजल्यावरचा छान फ्लॅट दाखवला असताना त्याने दुसऱ्या मजल्यावरचा घेतला आणि लिफ्टचा वेळ वाचतो असं सगळ्यांना सांगत सुटला. नियम पाळले की आपल्या वाटची काळजी दुसरं कोणीतरी करतं, अशी त्याची पक्की समजूत होती.

त्यांची तेरा वर्षांची मुलगी जाईही त्याच तालमीत वाढली. पाटी असेल तिथे थांबायचं, हे तिला मुळाक्षरांच्या आधी आलं.

त्या डिसेंबरच्या सुट्टीत तिघं अमेरिकेला गेले. अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात एक जागा आहे. खाली खोल दरीत हिरवी नदी घोड्याच्या नालेसारखी वळते. चारुदत्तच्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांनी तिथला फोटो फेसबुकवर टाकला होता, मग आपण मागे का राहायचं? गाडी लावून जेमतेम वीस मिनिटं चालायचं. त्या सकाळी स्मिताचं डोकं चढलं होतं, ती मोटेलातच थांबली. निघताना एवढंच म्हणाली, "जाईकडे लक्ष ठेव रे."

वाट वाळूची होती, बुटांत वाळू जात होती, पण चारुदत्त खुशीत होता. सोबत कॉलेजची पोरं होती, गुडघे धरत चालणाऱ्या एक कोरियन आजीबाई होत्या. एवढी माणसं येतात म्हणजे कठडा असणारच, असं धरून तो चालला होता. शेवटचा उतार संपला आणि पुढे जमीनच नव्हती. कठडा नाही, साखळी नाही, काही नाही. खाली शंभर मजल्यांची पोकळी.

जाईने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. "नो साइन, बाबा. कॅन लाह," चालतंय की, अशा सिंगापुरी थाटात ती म्हणाली आणि फोन घेऊन सरळ कडेकडे निघाली.

थांब म्हणायला त्याने तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. तो मटकन खाली बसला, शेजारचा दगड दोन्ही हातांनी धरला आणि डोळे मिटून घेतले. क्षणभरच मिटतोय, असं त्याला वाटलं होतं. त्या अंधारात वारा ऐकू येत होता, कोणाचं तरी हसू ऐकू येत होतं. आणखी काय ऐकू आलं, ते त्याने पुढे कधीच कोणाला सांगितलं नाही.

डोळे उघडले तेव्हा त्या कोरियन आजीबाई जाईचं मनगट धरून तिला वर आणत होत्या. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला होता. आजीबाई त्याला त्यांच्या भाषेत काहीतरी बोलल्या. रागावल्या की धीर दिला, त्याला कळलं नाही. त्याने मान हलवली. जाई अंगावरची वाळू झटकत राहिली. "चल, आई वाट बघत असेल," तो म्हणाला.

स्मिताला त्याने सांगितलं, "जाई अगदी कडेला गेली होती. मुद्दामच हाक मारली नाही, दचकली असती." स्मिताला ते पटलं. चारचौघांत ती नवऱ्याच्या प्रसंगावधानाचं कौतुकही करायला लागली, आणि हा खाली मान घालून ते ऐकून घ्यायचा. नको म्हणायचं, तर खरं सांगावं लागलं असतं.

जानेवारीत शाळा सुरू झाली. एका संध्याकाळी ट्यूशनहून परतताना बापलेक एलआरटीच्या छोट्या गाडीत शेजारी बसले होते. जाई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बाबा, तिथे माझा पाय घसरला होता. थोडासाच. पण मग मला हलताच येईना."

"मी हाक मारली असती तर तू दचकली असतीस," चारुदत्त म्हणाला. हे वाक्य आता त्याच्या तोंडात बसलं होतं.

"पण मी मारली होती ना तुला हाक. ट्वाइस."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला सोपं गेलं असतं. वारा फार होता, ऐकू आलं नाही, एवढं म्हणायचं होतं. मुलीने विश्वासही ठेवला असता. ती त्याच्याकडे बघत उत्तराची वाट पाहत होती, आणि चारुदत्तला ते जमेना. दोन्ही हाका त्याला स्पष्ट ऐकू आल्या होत्या, आणि दोन्ही वेळा त्याने डोळे आणखी घट्ट मिटले होते.