पत्त्याचा कल्ला

आई आरमोरीच्या बाजारात तलावातली मासोळी विकायची. बाबांच्या जाळ्यात सुतापेक्षा गाठीच जास्त झाल्या होत्या. त्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली.

बीए झाल्यावर सरकारी नोकरीचा फॉर्म भरला. एके दिवशी इंटरनेट कॅफेत ईमेल उघडला, तर माझी निवड झाली होती. खालच्या लिंकवर एटीएम कार्डाचा नंबर आणि पिन भरायचा, नाहीतर निवड रद्द. आईची सगळी शिल्लक त्या कार्डाच्याच खात्यात होती. मी आनंदाने लिंक उघडली आणि नंबर टाकायला लागले.

कॅफेवाला कधी बोलायचा नाही, कारण त्याच्या तोंडात कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा. त्या दिवशी मात्र माझ्या स्क्रीनकडे पाहून तो बाहेर जाऊन खर्रा थुंकून आला.

"थांबा बाई. काऊन घाई करून राह्यल्या? तुमची आई मासोळी विकते ना? गिऱ्हाईक आधी काय पाह्यते?"

"कल्ला उघडून पाह्यते, आतून लाल ताजा हाये का."

"मंग इथी बी पाहा. वरची चमक नाई पाह्याची."

त्याने स्क्रीनच्या वरच्या पट्टीत दिसणाऱ्या लिंकच्या पत्त्यातलं सरकारी नाव अंगठ्याने झाकलं. "सुरुवातीले कोणाचंबी नाव लावता येते. सुरुवातीच्या दोन जोडरेघा सोडा; मंग पहिल्या एकट्या तिरप्या रेघेच्या लगेच आधी ज्याचं नाव असते, तो खरा मालक."

तिथे भलत्याच कुठल्या तरी दुकानाचं नाव होतं. मी टाकलेला नंबर पुसला आणि ते पान बंद केलं.

त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. आजही कुठलीही लिंक आली की मी आधी अंगठा ठेवते.

पुढे निवडीचं खरं पत्र पोस्टाने घरी आलं. मी कारकून झाले, आणि पहिल्या पगारात बाबांना नवं जाळं घेतलं.