आत्याची सुई आणि पुट्टीचं बारसं

किस्से रिकाम्या बरण्यांसारखे असतात. टाकवत नाहीत आणि दरवर्षी दोनचार वाढतात. आमच्या बंगळूरच्या येलहंक्यातल्या सोसायटीतल्या कोविडच्या लशीच्या बरण्या आज काढतो. सगळं शंभर टक्के खरं, गळ्याशपथ. म्हणजे, नव्वद टक्के. एका ठिकाणी थोडं रचलंय. कुठे, ते शेवटी सांगतो.

*

लशीचा कॅम्प क्लबहाऊसमध्ये लागला. सुई टोचली की अर्धा तास तिथेच बसायचं, कुणाला त्रास होत नाही ना ते बघायला. आता मराठी माणसं अर्धा तास नुसती बसतील? दुसऱ्याच दिवशी तळमजल्यावरच्या मालूअक्कांनी पातेलंभर पोहे आणून ठेवले. अक्का मूळच्या निपाणीच्या, वय पन्नाशीचं, आणि आवाज असा की लिफ्टसुद्धा त्यांच्या हाकेला थांबते. त्यांचा नियम एकच, दंडावरचा कापूस दाखवायचा, मगच प्लेट.

आमचे नागपूरचे देशपांडे लस घेऊन, पोहे खाऊन घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या दंडाला कापूस चिकटवून परत हजर. अक्कांनी जवळ जाऊन वास घेतला.

"देशपांडे, हा कानातला फाया आहे. अत्तर येतंय."

तरी प्लेट दिली. पण स्वल्पच.

*

पुढे सेक्रेटरींनी ग्रुपवर टाकलं की सोसायटीत आता एकच व्यक्ती लशीची बाकी आहे, नाव सांगणार नाही. झालं! लिफ्टमध्ये लोक नमस्कार सोडून एकमेकांचे दंड बघायला लागले. माझी बायकोही माझ्याकडे संशयाने बघायची, आणि आम्ही रांगेत मागेपुढे उभे होतो.

ती व्यक्ती म्हणजे मालूअक्का. साऱ्या सोसायटीला पोहे वाढले, पण स्वतः पडद्याच्या आत गेल्याच नाहीत. आज बीपी, उद्या एकादशी, परवा "आधी सगळ्यांचं होऊ दे की". त्यांचा धाकटा भाऊ अनिकेत आमच्या मजल्यावर राहतो. त्याने खरं कारण सांगितलं. शाळेत सुई टोचणारे आले की अक्का कौलांवर चढून बसायची.

*

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण अनिकेतला मुलगी झाली. सातव्या महिन्यात आली, मुठीएवढी. डॉक्टरांनी बजावलं की फुप्फुसं नाजूक आहेत, लस न घेतलेलं माणूस सध्या जवळ नको.

आता बारशाला नाव कोण ठेवतं? आत्या. पोरीला आत्या एकच, आणि तीच बिनलशीची!

अनिकेतची बायको केतकी पुण्याची, प्रॅक्टिकल. म्हणाली, चुलत आत्याला बसवू. अनिकेतने हात जोडले. "अक्काला सोडून बारसं केलं, तर मला निपाणीत पाय ठेवता येणार नाही."

बारसं लांबत गेलं. वॉचमन पुट्टी म्हणाला, म्हणून दूधवाला पुट्टी म्हणाला, म्हणून आम्हीही. कन्नडमध्ये छोट्या मुलीला सगळेच पुट्टी म्हणतात. अक्का रोज संध्याकाळी खाली पार्किंगमध्ये उभ्या राहून वर बाल्कनीकडे बघत बोबडं बोलायच्या. नाव मात्र त्यांनी पोटातच ठेवलं होतं. आत्याने कानात सांगायच्या आधी कुणाला कळता कामा नये ना!

*

मग साथ परत आली आणि आमच्याच बिल्डिंगमध्ये शिरली. अनिकेत, देशपांडे, मी, सगळे आडवे. आधीच्या लाटेत याच जिन्यावरून ऑक्सिजनचे सिलिंडर चढले होते, त्यामुळे पहिल्या तापालाच सगळ्यांनी सिलिंडरवाल्याचा नंबर शोधून ठेवला. पण या वेळी ताप आला, खोकला आला आणि दोन्ही निघून गेले. देशपांड्यांची तक्रार एकच, अक्का दाराशी ठेवतात त्या पोह्यांना चव नाही.

पुट्टीला काही झालं नाही. अक्कांनाही नाही. लशीच्या कॅम्पातल्या सिस्टर म्हणाल्या, आजूबाजूच्या सगळ्यांनी घेतली म्हणून तुम्ही वाचलात अक्का, पण बाळाच्या बाबतीत नशिबावर सोडू नका.

अनिकेत बरा होऊन बाल्कनीत आला, तेव्हा अक्का खाली उभ्याच होत्या. पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "सिस्टरला बोलव. पण माझ्या पद्धतीने."

*

पद्धत अशी. बारशाला आत्या बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगते आणि त्याच क्षणी बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. अक्का म्हणाल्या, मी डोळे मिटून कुर्र म्हणते, तुम्ही बडवा, त्या गडबडीत सुई.

क्लबहाऊसमध्ये खुर्चीवर अक्का, मागे सोसायटीतल्या बायका, समोर सिस्टर. सिस्टर तुमकूरच्या. त्यांना एवढंच सांगितलं होतं की अक्का कुर्र म्हणाल्या की टोचायचं. धपाट्यांचं सांगायचं राहिलं.

अक्का म्हणाल्या, "कुर्र..."

धपाधप!

सिस्टरनी सुई टोचली, काढली, आणि अक्कांच्या मागे धावून आडव्या उभ्या राहिल्या. "अय्यो, होडीबेडी! मारू नका! लस घेतली नाही म्हणून कुणी मारतं का?"

अक्का डोळे घट्ट मिटूनच. "सिस्टर, तुम्ही मध्ये येऊ नका. त्यांना मारू दे. तुम्ही टोचा लवकर."

पुढे डॉक्टरांनी हो म्हटल्यावर बारसं झालं. अक्कांनी पोरीच्या कानात इतक्या हळू नाव सांगितलं, की आम्हाला त्यांच्या मागे लागून पुन्हा वदवून घ्यावं लागलं. शाल्मली. वॉचमन अजून पुट्टीच म्हणतो.

अक्का अजून विचारतात, त्या दिवशी एक हात फार जड होता, कुणाचा गं? मी प्रत्येक वेळी देशपांडेवहिनींचं नाव सुचवतो.

आता रचलेला भाग. अक्कांच्या मागे सगळ्या बायकाच होत्या, हा.