एका वर्कशीटच्या मागोमाग ब्रिस्टल

ब्रिस्टल-कार्डिफचा बेत ठरला तो सासूबाईंच्या हट्टापायी. तीन महिन्यांसाठी पुण्याहून आमच्याकडे पिनरला आलेल्या आई दुसऱ्याच आठवड्यात म्हणाल्या, "लंडन पुरे झालं. तो झुलता पूल दाखव आणि मीराच्या घरी ने." मीरा म्हणजे नवऱ्याची चुलत बहीण, कार्डिफमध्येच जन्मलेली, तिथल्या हॉस्पिटलात फार्मसिस्ट. मी हॅरोतल्या एका प्राथमिक शाळेत टीचिंग असिस्टंट आहे. आम्हाला इस्टरची सुट्टी लागली होती, नवऱ्याला रजा नव्हती, म्हटलं सासू-सून दोघीच जाऊ. या ब्लॉगवर नेहमी येणाऱ्यांना आधीच सांगते, झुलत्या पुलाचे फोटो या वेळी नाहीत. पूल बघायचा राहिला. का राहिला ते लिहायला बसलेय.

आधी कामाचं. पिनरहून मेट्रोपॉलिटन लाइनने बेकर स्ट्रीट, तिथे गाडी बदलून पॅडिंग्टन. दोघं मिळून जाणार असाल तर 'टू टुगेदर' रेलकार्ड काढा, तिकिटात एक तृतीयांश सूट मिळते. फक्त कामाच्या दिवशी सकाळी साडेनऊच्या आधी ते चालत नाही, म्हणून आम्ही दहाची गाडी धरली. पावणेदोन तासांत ब्रिस्टल टेंपल मीड्स. खायचं बरोबर घ्या. आम्ही घेतलं होतं आणि आईंनी गाडी सुटायच्या आतच तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा उघडला.

रेडिंग मागे पडलं आणि मला आईंसमोर जरा मिरवायची हुक्की आली.

शिक्षकांसाठी एक डिजिटल लायब्ररी आहे. देशभरातले शिक्षक आपापली वर्कशीटं, खेळ, प्रयोग तिथे टाकतात. विषय आणि इयत्ता टाकून शोधायचं, आवडेल ते उतरवून घ्यायचं, खाली शेरा लिहायचा, स्टार द्यायचे. शिक्षिका होण्याच्या ट्रेनिंगसाठी मी अर्ज केलाय आणि अर्जात दाखवायला म्हणून फेब्रुवारीत मीही एक उपक्रम टाकला होता. विषय अळूवडी. कागदाची पानं कापायची, त्यावर क्लेचा लेप, गुंडाळी, काप. फोटोसाठी मला अळूचं छान ताजं पान हवं होतं आणि वेंब्लीच्या दुकानातली पानं सुकलेली, फाटलेली. घराजवळच्या झाडीत तळाशी तशीच बाणासारखी, तुकतुकीत पानं दिसली. काढला फोटो. खाली लिहिलं, "अशा पानांना आम्ही बेसन लावतो. मिळाली तर खरी पानंही वापरा." तेव्हा मला ते वाक्य फार सुंदर वाटलं होतं.

"हे बघा आई, पाच स्टार," म्हणून मी पेज उघडलं. खाली एक नवा शेरा होता. लिहिणारी 'मिस पी, तिसरी, ब्रिस्टल'. आदल्या संध्याकाळचा. तिकडच्या शाळांना इस्टरची सुट्टी आमच्यानंतर आठवड्याने लागणार होती.

"अगदी हेच शोधत होते! आमच्या शाळेच्या कुंपणाशी ही पानं भरपूर आहेत. उद्या दुपारी मुलं स्वतः तोडून वड्या करतील आणि चाखतील."

आईंनी चष्मा वर केला, फोटो मोठा करून पाहिला. "हा अळू नाही गं. हा कसला पाला आहे?"

मला माहीत नव्हतं. माझ्या मते तो नुसता फोटो होता. घाईघाईने शोधलं. इकडे त्याला 'लॉर्ड्स अँड लेडीज' म्हणतात. अळूच्याच कुळातला, पण विषारी. तोंडाची, जिभेची आग. घशाला सूज. क्वचित श्वास घ्यायला त्रास. आपला चांगला अळूसुद्धा चिंच घालून नीट शिजवला नाही तर घसा कसा खवखवतो, ते मराठी घरात कुणाला सांगायला नको. इथे सात-आठ वर्षांची तीस मुलं होती आणि पाला विषारी होता.

पुढच्या मिनिटात मी जे केलं ते स्पष्टच लिहिते. मी माझा उपक्रम डिलीट केला.

"काय केलंस?"

"पुसून टाकला, आई. आता कुणाला दिसणार नाही."

"आणि जिला दिसलाय तिचं काय?"

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. उपक्रमाबरोबर त्याखालचे शेरेही गेले होते. त्या बाईंच्या प्रोफाइलची लिंक तिथेच होती, उत्तर देण्याची जागाही तिथेच. पुन्हा अपलोड करायला गेले तर सूचना आली, तपासणीला चोवीस तास लागतील. लायब्ररीच्या मदतकेंद्राला लिहिलं, तर तीन कामकाजाच्या दिवसांत उत्तर देऊ म्हणून आपोआप आलेला मेल. शाळा बघणाऱ्या ब्रिस्टलच्या कौन्सिलला फोन लावला, तिथे नुसतं संगीत वाजत राहिलं. चिपनहॅमनंतर बोगदा आला आणि तेही बंद पडलं. अंधाऱ्या काचेत मला माझाच चेहरा दिसत होता आणि त्याच्याकडे बघवत नव्हतं. तिशीतली एक बाई, जिच्यामुळे आज दुपारी कुणाचं तरी मूल गुदमरणार होतं.

आई टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्या आहेत. चौकशीच्या टेबलावर त्यांची कित्येक वर्षं गेली. त्या शांतपणे म्हणाल्या, "आमच्याकडे लोक अर्धवट नाव सांगायचे. नुसतं जोशी. मग आम्ही विचारायचो, घर कशाजवळ आहे? ही बाई तिथे अजूनही काही टाकत असेल ना? तिच्या घराजवळचं काहीतरी शोध."

'मिस पी' टाकलं. ढिगाने मिस पी. 'तिसरी' जोडलं, 'ब्रिस्टल' जोडलं, तर ब्रिस्टलच्या इतिहासाचे, जहाजांचे, गरम हवेच्या फुग्यांचे धडे आले. गाडी टेंपल मीड्सला लागली तेव्हा पावणेबारा झाले होते. फलाटावरच्या बाकावर बसून मी नकाशात दिसणाऱ्या जवळच्या दोन शाळांना फोन केले. एकीत मिस पी नव्हत्या. दुसरीतल्या बाई म्हणाल्या, "शिक्षकांची नावं आम्ही फोनवर देत नाही." बरोबरच आहे, आमच्या शाळेतही देत नाहीत. मी पानाबद्दल सांगायला लागले, पण इतकी चाचरत बोलत होते की माझाच माझ्यावर विश्वास बसला नसता.

सव्वाबाराला सापडलं. 'आमच्या परिसराची फेरी. तिसरी. मिस पी, ब्रिस्टल.' त्याच्याखाली मी लगेच धोक्याचा शेरा टाकला, पण भर शाळेत आपल्या जुन्या वर्कशीटखालचे शेरे कोण वाचत बसतं? वर्कशीटवर शाळेचं नाव नव्हतं. मुलांच्या सुरक्षेसाठी ते टाकायचं नसतं. होते फक्त सात प्रश्न. फेरी शाळेच्या दारातून निघून स्टेशन दिसेपर्यंत येत होती.

"म्हणजे आपण फेरी उलटी करायची," आई म्हणाल्या आणि पदर खोचून उठल्या.

तर मंडळी, आमचं ब्रिस्टलदर्शन असं झालं. सातवा प्रश्न, 'पुलावरून किती रूळ दिसतात?' स्टेशनबाहेर दोन पूल. पहिल्यावर चढलो तो चुकीचा, वीस मिनिटं वाया. दुसऱ्यावरून सहावा प्रश्न दिसला, 'टेकडीवरच्या घरांचे रंग मोजा'. गुलाबी, पिवळी, निळी, एकाला एक चिकटलेली घरं. एरवी मी तिथे तासभर फोटो काढले असते. पाचवा, 'या रस्त्याला कठडा का लावला असेल?' कारण रस्ता इतका उभा आहे की चालताना टाचा टेकत नाहीत. तुम्ही जाणार असाल तर चांगले बूट घाला. आई साडीवर स्पोर्ट्स शूज घालून कठड्याला धरून चढत होत्या. दोनदा थांबल्या तेव्हा मी म्हटलं, "अहो, तुम्ही इथे बसा, मी जाते." त्या धापा टाकत म्हणाल्या, "बोलण्यात वेळ घालवू नकोस." मला त्यांचीही भीती वाटायला लागली. एका अँब्युलन्सचा आवाज लांबून आला आणि मी भर रस्त्यात कान देऊन उभी राहिले. तो आवाज खाली, दुसरीकडेच गेला.

चौथ्या प्रश्नातले भाजीचे वाफे सापडले. तिथे एक आजोबा वाटाण्याच्या वेलांना काठ्या लावत होते. मी फोनमधला फोटो दाखवून विचारलं, ही पानं कुंपणाला असलेली शाळा कुठे आहे?

"वरच्या गल्लीच्या टोकाला. पण ती तोडू नका हं, डिअर. जहर आहेत."

"माहीत आहे," मी म्हणाले आणि मला रडू फुटलं.

शाळेच्या दाराशी पोचलो तेव्हा एक पंचवीस. शाळेचं नाव लिहिणार नाही, त्यांचा यात काही दोष नाही. बझर दाबला. रिसेप्शनमधल्या बाईंनी आधी सही करा, फोटो काढा म्हणून मशीन दाखवलं. माझा पाहुण्याचा बिल्ला सरकत सरकत छापून बाहेर येत होता आणि मी ओरडले, "तिसरीतली मुलं ती पानं खाणार आहेत!" त्या बाई आत धावल्या.

मिस पी बाहेर आल्या. कोवळी पोरगी, नोकरीचं दुसरंच वर्ष. तिच्या बोटांवर लाल चट्टे होते. पानं तोडून, धुऊन झाली होती आणि बेसन कालवताना एका मुलीने कोपरा कुरतडला होता. जीभ भाजतेय म्हणून ती किंचाळली, तेव्हाच मिस पींनी सगळ्यांचे हात धुवायला लावले होते. ती मुलगी ऑफिसात खुर्चीवर बसली होती, ओठ सुजलेला, हातात गार दुधाचा पेला. ऑफिसने हेल्पलाइनवर विचारलं होतं, तिची आई निघाली होती. मी दारातून तिचा श्वास मोजत उभी राहिले. वर, खाली. वर, खाली. जवळ जायचं धैर्य होत नव्हतं.

तिने आईंच्या साडीकडे बघून विचारलं, "तुम्ही खरंच हे खाता?"

आईंना इंग्रजी कळतं, बोलताना अडखळतात. "आमचा वेगळा," त्या म्हणाल्या. "आणि शिजवून."

मिस पी हुंदका आवरत मला म्हणाली, "एक वाजता मी तुमचं पेज वर्गाच्या बोर्डावर लावायला गेले, तर ते गायबच. मला वाटलं साइट बिघडली, म्हणून छापलेला कागद वापरला. तिथे नुसती एक सूचना जरी दिसली असती ना."

मी म्हणाले, "हो, कधीकधी तशी अडते ती साइट."

आई माझ्याकडे बघत होत्या.

मुलीची आई येऊन तिला डॉक्टरकडे घेऊन गेली. ती कशी आहे ते कळवते म्हणून मिस पीने माझा मेल लिहून घेतला. आम्ही संध्याकाळच्या गाडीने कार्डिफला गेलो, तासाभराचाच प्रवास. दुसऱ्या दिवशी मीराने कॅसल दाखवला, कार्डिफ बेच्या पाण्यावर बोटीत बसवलं, मार्केटमध्ये तव्यावरचे गरम वेल्श केक खायला घातले. ते चुकवू नका, मनुका घातलेले, वरून साखर, चारचौघांत वाटून खायला उत्तम. मी मात्र हातात केक धरून बसले होते. दर पाच मिनिटांनी फोन बघत होते. जेवताना आईंनी मीराला सगळं सांगितलं, फक्त एक गोष्ट गाळून.

मीरा म्हणाली, "डोन्ट वरी वहिनी, सूज यूजवली सेटल होतो. काकू, तुम्ही तर किती ब्रेव्ह! आणि वहिनी, तू स्ट्रेट अवे साइटवर वॉर्निंग टाकला ना?"

"हो," मी म्हणाले.

आईंनी मीराला वरण वाढलं.

तिसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत मिस पीचा मेल आला. मुलीची सूज उतरली होती, ती शाळेत आली होती. पुढे लिहिलं होतं, "तुम्ही एवढी टेकडी चढून आलात, हे मी विसरणार नाही. साइट बंद पडली त्यात तुमचा काय दोष." सुटकेने डोळे भरले आणि लगेच भीतीने घेरलं. इतकी भीती मला त्या चढावरही वाटली नव्हती. तिथे मुलांसाठी घाबरले होते. आता माझ्या नावासाठी, अर्जासाठी, पाच स्टारसाठी घाबरले होते. खरं सांगायचं तर गाडीत ते डिलीटचं बटण दाबतानाही हीच भीती होती. मुलं मला नंतर आठवली.

घरी आल्यावर धोक्याच्या सूचनेसह तो फोटो माझ्या पूर्ण नावाने लायब्ररीत परत टाकला. उपक्रम किती जणांनी उतरवून घेतलाय ते मला कळत नाही, म्हणून रोज वेगवेगळे शब्द टाकून त्याच्या नकला शोधते. एक सापडली, 'जगभरची पानं' अशा नावाखाली. त्या शिक्षकांना लिहिलं, त्यांनी काढली. अजून असतील का, या विचाराने मध्येच काम सुटतं.

आणि मिस पीला लिहिलं. साइट बिघडली नव्हती. पेज मी स्वतः पुसलं होतं, तुम्ही ते उघडायच्या दोन तास आधी. तेही तुमचा शेरा वाचून झाल्यावर. मेल पाठवण्याआधी आईंना वाचून दाखवला. मग मीराला फोन करून तिलाही सांगितलं.

मेल पाठवल्याच्या चौथ्या दिवशी मिस पीचं उत्तर आलं. "सांगितल्याबद्दल आभार. त्या दिवशी माझ्यासमोर उभ्या होतात तेव्हा सांगायला हवं होतंत. त्या मुलीच्या आईला मी हे कळवणार आहे."

मी फोन आईंच्या हातात दिला. त्यांनी दोनदा वाचला.

"बरोबर लिहिलंय तिने," त्या म्हणाल्या.